पोहोच

आमच्या लिफ्टला तळमजल्यावरून पाचव्यापर्यंत यायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. तेवढ्या वेळात शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस माझं नाव विचारत नाही, कुत्र्याचंही विचारत नाही. तो विचारतो, "कुठल्या जातीचा?"

माणसांच्या बाबतीत हा शब्द आपण आता आवाज खाली घेऊन उच्चारतो. लग्नाच्या जाहिरातीत 'जातीची अट नाही' असं लिहून खाली बारीक अक्षरात पोटजात टाकतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो शब्द खणखणीत, भर लिफ्टमध्ये. जातीचं कुत्रं म्हणजे विकतचं, फोटो काढण्यासारखं. बाकीची सगळी गावठी. मी "लॅब्राडॉर" असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं समाधान दिसतं. मग तो आपल्यालाच माहीत असल्यासारखं सांगतो, "हां, ही जात फार प्रेमळ." पाचवा मजला येतो.

दोन वर्षांपूर्वी मीही त्याच माणसाइतकीच माहीतगार होते.

ब्रूनो आमच्याकडे आला तेव्हा चार वर्षांचा होता. सोसायटीतल्याच एका कुटुंबाला नोकरीसाठी परदेशी जावं लागलं, कुत्र्याला नेण्याचा खर्च नि कागदपत्रं त्यांना झेपेनात, म्हणून तो 'तात्पुरता' आमच्याकडे आला. तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे किती टिकतात ते वेगळं सांगायला नको. त्याच्याबरोबर आलं ते असं : घमेल्याएवढं स्टीलचं भांडं, लसींचं पुस्तक, अर्धं चावलेलं रबरी बदक आणि एका फोल्डरमध्ये जपून ठेवलेला केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला. त्यात आई-बाप, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं ओळीने छापलेली.

आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून तो दाखला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "माझ्या पणजोबांचं नाव काढायचं तर नाशकात जाऊन तीर्थोपाध्यायांची चोपडी उघडावी लागेल," ते म्हणाले, "आणि ह्याच्या पणजीचं लॅमिनेशन केलंय."

आप्पांचा कुत्रा आणायला विरोध होता, आणि त्याला कारण होतं. त्यांनी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली. सुरुवातीची बरीच वर्षं खांद्याला पिशवी लावून दारोदार. त्या काळात त्यांना तीनदा कुत्रं चावलं. पहिल्यांदा चावलं तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. आप्पा ती अजून मोजून दाखवतात. "कुत्र्याला पोस्टमन आवडत नाही आणि पोस्टमनला कुत्रा," एवढंच बोलून त्यांनी आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं.

नवीन घरी आल्यावर त्याने पहिले दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मालकाच्या आठवणीत उपाशी राहणाऱ्या कुत्र्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. ब्रूनोने आल्याआल्या भांडं चाटून लख्ख केलं, मग ते तोंडात धरून माझ्या मागे स्वयंपाकघरात आला आणि माझ्या पायावर टाकलं. आठवण काढायला त्याने दुसरी वेळ निवडली. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला तो चपलांच्या स्टँडकडे जायचा, एक चप्पल उचलायचा आणि ती तोंडात धरून दाराकडे बघत उभा राहायचा. चावायचा नाही, नुसता धरून. शेपूट हळूहळू हलत. आठ वाजले की चप्पल जिथून घेतली तिथे न ठेवता दाराशीच सोडून द्यायचा आणि कोचाखाली जाऊन पडायचा. पुढे तो आम्ही आलो की चप्पल घेऊन यायला लागला. आधी माझ्यासाठी, मग नवऱ्यासाठी, दूधवाल्यासाठी, कुरिअरवाल्यासाठी. कुणीही दारात आलं की ह्याची धांदल उडते. इकडे तिकडे बघायचं, काहीतरी उचलायचं, मगच पुढे व्हायचं. चप्पल नसेल तर उशी, उशी नसेल तर भाजीच्या पिशवीतला फ्लॉवर.

"पाहुण्यापुढे रिकाम्या हाताने जाऊ नये हे ह्याला कुणीतरी शिकवलंय," आप्पा दाराआडून म्हणाले. लोटलेलं दार तोवर वीतभर उघडलं होतं.

मी वाचायला घेतलं ते तेव्हा. लॅब्राडॉर रिट्रीव्हर ह्या पूर्ण नावातला रिट्रीव्हर हा शब्द आपण नावाच्या शेपटीसारखा उच्चारतो, पण ते त्याचं काम आहे : गेलेली वस्तू शोधून परत आणणारा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये बंदुका सुधारल्या, भराभर बार काढता येऊ लागले, आणि आभाळातून पाखरं इतकी पडायला लागली की ती झाडोऱ्यातून, दलदलीतून, थंडगार पाण्यातून उचलून आणायला वेगळा गडी लागायला लागला. ह्या कुत्र्याने बार निघेपर्यंत मालकाच्या पायाशी गप्प बसायचं. पाखरू कुठे पडलं ते नजरेत ठेवायचं. हुकूम झाला की जायचं, शोधायचं, उचलायचं आणि एकही दात न रुतवता परत येऊन थेट मालकाच्या हातात द्यायचं. पाखरू फाटलं तर ते जेवणाच्या टेबलावर जात नाही, म्हणून अलगद तोंड हा गुण पिढ्यान् पिढ्या निवडत नेला. म्हणजे जबड्यात ताकद भरपूर आणि ती वापरायची नाही.

ह्याचा पुरावा आम्हाला एका रविवारी मिळाला. ओट्यावरच्या ट्रेमधलं एक अंडं कमी होतं. कवचं कुठेच नाहीत. शोधत शोधत आप्पांच्या खोलीत गेले तर ते पलंगावर बसलेले, हातात ते अंडं, किंचित ओलं, तडासुद्धा नाही. समोर ब्रूनो, शेपटीने फरशी झाडतोय.

"आणून दिलंन," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर पहिल्यांदा ऐकलं. "उचललंन, सांभाळलंन, हातात दिलंन. डिलिव्हरी म्हणतात ती ही." मग थोडं थांबून, "ह्याचं खातं आमचंच आहे गं."

तेव्हापासून ब्रूनोचा ब्रून्या झाला.

लॅब्राडॉर ह्या नावाचा घोळ मजेदार आहे. हा कुत्रा लॅब्राडॉर नावाच्या प्रदेशातला नाहीच. तो शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा, कॅनडाच्या पूर्व टोकाचा. तिथे कॉडची मासेमारी करणाऱ्या कोळ्यांकडे मध्यम अंगाची, काळी, आखूड केसांची, छातीवर पांढरा ठिपका असलेली कुत्री असायची. कुणी मुद्दाम निपजवलेली नव्हेत. जहाजांबरोबर युरोपातून आलेली, बेटावर एकमेकांत मिसळलेली, थंडीने आणि कामाने घडवलेली. गळातून निसटलेला मासा पाण्यात उडी मारून धरायचा, जाळ्याचा दोर तोंडात धरून होडीपासून किनाऱ्यापर्यंत आणायचा, हे त्यांचं काम. आपल्या भाषेत सांगायचं तर चोख गावठी कुत्री. खारवलेला मासा घेऊन येणाऱ्या जहाजांबरोबर ती इंग्लंडच्या पूल बंदरात उतरली. तिथे माल्म्सबरीच्या अर्लने, म्हणजे एका इंग्रज उमरावाने, त्यांना पाहिलं आणि आपल्या शिकारीसाठी ठेवून घेतलं. पुढे १८८०च्या दशकात त्या घराण्याने स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याला काही कुत्रे दिले. त्यातल्या नेड आणि एव्हन ह्या दोघांकडे आजच्या लॅब्राडॉरचे मूळ पुरुष म्हणून बोट दाखवतात. १८९९ साली बेन ऑफ हाइड नावाचं पिवळं पिल्लू जन्मलं. त्याच्या आधी पिवळी पिल्लं लोकांना नकोच असायची. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्राडॉरला जात म्हणून मान्यता दिली.

आणि ज्यांच्यापासून हा जातिवंत झाला, त्या बेटावरच्या कुत्र्यांचं काय? १८८५ साली न्यूफाउंडलंडमध्ये मेंढपाळीला प्रोत्साहन म्हणून कायदा झाला, त्यात गावागावांना कुत्री बाळगायला बंदी करायची मुभा मिळाली. इकडे इंग्लंडात बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर विलगीकरणाचे निर्बंध आले. ती कुत्री कमी होत गेली, आणि १९८०च्या दशकात एका आडबाजूच्या वस्तीवर उरलेले शेवटचे दोन म्हातारे नरही गेले. कोळ्याचं कुत्रं संपलं, उमरावाचं जगभर पसरलं. अमेरिकेत १९९१पासून सलग एकतीस वर्षं ह्याच जातीची नोंदणी सगळ्यात जास्त होती.

(लिफ्टमधल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते. नाही, तो गोल्डन नाही. गोल्डन रिट्रीव्हर हे वेगळं प्रकरण. १८६८ साली स्कॉटलंडच्या गिसाकन इस्टेटीवर नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल ह्यांच्यापासून सुरू झालेलं. त्याचे केस लांब. ब्रून्याचे आखूड, दाट, दुपदरी, हाताला किंचित तेलकट. पाणी आतपर्यंत जात नाही. वर्षातून दोनदा तो आतला पदर टाकतो तेव्हा आमच्या घरात आमटीतसुद्धा लॅब्राडॉर असतो.)

आता भुकेविषयी. हा विषय टाळून लॅब्राडॉरवर लिहिता येत नाही.

आमच्याकडे आला तेव्हा ब्रून्याचं वजन ४१ किलो होतं. डॉक्टरांनी त्याच्या कुशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याच्या बरगड्या कुठे आहेत?" लॅब्राडॉर नर साधारण २९ ते ३६ किलोंचा असावा, बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, असं त्यांनी सांगितलं. आम्ही मोजून द्यायला लागलो. ब्रून्याने घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून, आपल्याला अजून कुणी वाढलंच नाही, असं सांगायला सुरुवात केली. मोलकरणीला पटलं, शेजारच्या काकूंना पटलं, आप्पांना तर रोज पटायचं. त्यांच्या लेंग्याच्या खिशात ग्लुकोज बिस्किटांचा चुरा सापडायला लागला.

एकदा तर ताटातली पोळी घेऊन पळाला. आप्पा जेवता जेवता हसायला लागले. नामदेवांची गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. कुत्रं कोरडी भाकर घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नका म्हणत. "इथे उलटं आहे," आप्पा म्हणाले. खरंच, पोळी गिळून ब्रून्या परत आला होता आणि तुपाच्या वाटीकडे बघत बसला होता. नामदेवांना धावायचा त्रास नको.

मला वाटायचं हा लाडावलेपणा आहे. मग कळलं की सगळा दोष स्वभावाचा नाही. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्राडॉरच्या एका जनुकातला दोष शोधून काढला. पीओएमसी असं त्याचं नाव. जवळजवळ दर चारांतल्या एका लॅब्राडॉरमध्ये ह्या जनुकातला चिमुकला तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचं मेंदूला कळवणारी काही रसायनं तयारच होत नाहीत. २०२४ साली त्याच गटाने आणखी बघितलं. पारदर्शक डब्यात सॉसेज बंद करून कुत्र्यांपुढे ठेवलं. वास येतोय, दिसतंय, मिळत नाही. हा दोष असलेली कुत्री डब्याशी जास्त झटत राहिली. मात्र पोटभर जेवायला घातलं तेव्हा त्यांनी इतरांहून जास्त खाल्लं नाही. म्हणजे जेवताना ती अधाशी नाहीत, दोन जेवणांच्या मधे उपाशी आहेत. वर भर म्हणजे स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर साधारण पाव हिश्श्याने कमी ऊर्जा खर्च करतं. सतत भूक आणि खर्च कमी. दोन्हीकडून मार.

मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पत्र टाकलंय," ते म्हणाले, "पण पोचलं नाही."

"हो. पोट भरल्याचं पत्र."

"गहाळ झालं." त्यांनी ब्रून्याच्या डोक्यावर हात ठेवला. टपालात गहाळ झालेल्या गोष्टीबद्दल त्यांना अजून वैयक्तिक वाईट वाटतं.

ब्रून्यात तो दोष आहे की नाही ह्याची तपासणी आम्ही केलेली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने फरक पडणार नव्हता. फरक दुसऱ्या एका प्रयोगाने पडला. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडॉर पिल्लांच्या भावंडांमधून जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं मिळे त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला द्यायचं, जन्मभर. पाऊणपट जेवलेली कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरायला लागले. लॅब्राडॉरचं आयुष्य अकरा-बारा वर्षांचं. त्यात दोन वर्षं. आप्पांनी हिशेब केला, खिशातली बिस्किटं काढून डब्यात ठेवली, आणि डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं. अकरा महिन्यांनी ब्रून्या ३४ किलोंवर आला. त्याला अर्थातच ते मान्य नाही.

पण ही भूक नुसतं दुखणं नाही. केंब्रिजच्या २०१६च्याच अभ्यासात, अपंगांच्या मदतीला निवडलेल्या लॅब्राडॉरमध्ये हा दोष ७६ टक्के निघाला. कारण बहुधा असं. ज्याला एका दाण्यासाठी शंभरदा उठबस करायची तयारी आहे, तोच शिकतो. आपण म्हणतो ना, वीतभर पोटासाठी. आंधळ्याला रस्ता ओलांडून देणं, पडलेली किल्ली उचलून देणं, स्फोटकांचा वास काढणं, ह्या सगळ्याच्या मागे ते वीतभर पोट आहे. म्हणून त्यातला चांगुलपणा कमी होतो असं मला वाटत नाही. आप्पा तरी पगारासाठीच चालत होते.

मुंबईच्या झंजीरची गोष्ट मला आप्पांनीच सांगितली. १२ मार्च १९९३ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा ते मुंबईतच एका पोस्टात होते. शहर घाबरलेलं, बेवारस पिशवी दिसली की गल्ली मोकळी व्हायची, आणि टपालाच्या थैल्यांकडेही लोक संशयाने बघायचे. तीन दिवसांनी धनजी स्ट्रीटवर एका स्कूटरमध्ये ठेवलेली स्फोटकं मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातल्या झंजीरने हुंगून काढली. तो लॅब्राडॉर तेव्हा जेमतेम चौदा महिन्यांचा होता. शिक्षण पुण्यातलं, नाव १९७३च्या सिनेमावरून ठेवलेलं. त्यानंतरच्या दिवसांत तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब सापडले त्यात त्याचा वाटा होता. नोव्हेंबर २०००मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. आप्पांना ह्या गोष्टीतलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायला आवडतं : बॉम्ब सापडला की तो भुंकायचा नाही, नुसता शांत बसायचा. हे त्यांनी कुठे वाचलं ते मला ठाऊक नाही, पण स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांना तसंच शिकवतात खरं. दंगा करायचा नाही, खूण करायची.

इथवर वाचून लिफ्टमधला माणूस म्हणेल, म्हणजे जातीतच आहे. मीही तेच म्हणत होते. मग दिवाळी आली.

बंदुकीच्या बाराशेजारी शांत बसणं ही ज्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांची कमाई, त्या जातीचा आमचा प्रतिनिधी पहिल्या सुतळी बॉम्बला बाथरूममध्ये शिरला आणि भाऊबीज होईपर्यंत जेवणापुरता बाहेर आला. तीन पिढ्यांचा दाखला फोल्डरमध्येच राहिला. पाण्याचंही तेच. बोटांमध्ये बदकासारखी कातडी, पाणमांजरासारखी जाड शेपूट, सगळी सामग्री तयार. पण मुळशीच्या धरणाच्या काठी नेला तर पुढचे दोन पंजे भिजवून परत. नवऱ्याने पँट दुमडून स्वतः पाण्यात जाऊन दाखवलं. ब्रून्याने काठावरून त्याच्या चपलेची राखण केली.

आणि चेंडू. चेंडू फेकला की हा धावतो, उचलतो, येतो, पण देत नाही. चप्पल देतो, अंडं देतो, चेंडू नाही. सोसायटीच्या फाटकाशी राहणारी चिमी नावाची गावठी कुत्री आहे, एक कान मुडपलेली. तिने हा खेळ चार दिवस भिंतीवरून पाहिला. पाचव्या दिवशी ब्रून्याच्या आधी धावून चेंडू घेतला आणि आणून माझ्या हातात ठेवला. कुणी शिकवलं नव्हतं. तिचा दाखला कुठल्या क्लबात नाही.

२०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासून हाच हिशेब मांडला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं असतं, त्या फरकात जातीचा वाटा सरासरी नऊ टक्के निघाला. जात नाहीच असं नाही. सांगितलेलं ऐकणं, वस्तू आणणं ह्यांत ती थोडी जास्त दिसते. पण नऊ. उरलेल्या एक्क्याण्णवात चिमीचा मुडपलेला कान, साडेसहाची चप्पल आणि सुतळी बॉम्ब आले. आपण लिफ्टमध्ये विचारतो तो त्या नऊचा प्रश्न.

गेल्या जानेवारीत आम्ही त्याला घेऊन आंबोली घाट उतरलो. वेंगुर्ल्याजवळ आमचं गाव. आप्पांना बऱ्याच वर्षांनी जायचं होतं. घाटात ब्रून्याने दोनदा ओकारी काढली, हेही जातीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धगोल मारून सोडलेलं लांबच लांब जाळं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणि दोन्ही दोरांना मागे रेललेली माणसं, टाचा वाळूत रुतवून. आप्पांच्या लहानपणी गावात अशा चार रापणी लागायच्या. पर्ससीनच्या यांत्रिक होड्या आल्यापासून काठाला मासा येईना, आता एकच उरली आहे. आप्पा उपड्या होडीला टेकून बसले. किनाऱ्यावरची सहा-सात गावठी कुत्री नेहमीच्या जागी ओळीने बसली होती, टाकून दिलेल्या मासळीची वाट बघत. ब्रून्या सरळ त्यांच्याकडे गेला. मी पट्टा हातात गुंडाळत धावले, आता भांडण होणार म्हणून. त्यांनी त्याला हुंगलं, त्याने त्यांना हुंगलं, एकाने थोडी सरकून जागा दिली, आणि हा त्या ओळीत बसला. दोर, जाळं, मासा, थंड वाळू. दीडशे वर्षांपूर्वी एका बेटावर हेच दृश्य असणार, असं मनात आलं. पण ब्रून्याला ते सांगण्यात अर्थ नव्हता. तो तारलीचा वास घेत होता.

रापण अर्धी आत आली तेव्हा एक मोठी लाट वर चढली. ओढणाऱ्यांनी काढून ठेवलेल्या चपलांपैकी एक निळी स्लीपर तिच्याबरोबर निघाली. दोर हातात असल्यामुळे कुणाला सोडता येईना. स्लीपर एकदा वर आली, फिरली, आणखी पुढे गेली.

ब्रून्या उठला. पाण्यापर्यंत गेला, पंजे भिजवले, थांबला. मी मुळशी ओळखून होते. तेवढ्यात तो आत शिरला. पहिली लाट त्याच्या डोक्यावरून गेली, आणि तो त्या बाजूला निघाला तेव्हा पोहत होता. पोहायला शिकत नव्हता. नुसता पोहत होता, पाण्याबाहेर चौकोनी डोकं, मागे शेपूट सुकाणूसारखी. ओढणाऱ्यांनी आरडाओरडा केला. त्याने स्लीपर धरली, वळला, लाटेबरोबर आला, उभा राहिला. रापणकरांच्या समोरून, माझ्या समोरून, माझ्या पसरलेल्या हातांसमोरून चालत गेला आणि ती ओली निळी स्लीपर आप्पांच्या हातात दिली.

आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. "पत्तो चुकलो रे," असं म्हणून ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. ८१ वर्षांचा माणूस ओल्या वाळूतून दोराच्या कडेकडेने चालत गेला, एकेकाच्या पायांकडे बघत. एका पायात निळी स्लीपर असलेला पोरगा सापडला तेव्हा त्यांनी दुसरी त्याच्यापुढे धरली.

"ही तुजी मां?"

"माजीच!" पोराने दोर न सोडता पाय पुढे करून ती चढवली. मग मागे ब्रून्याकडे बघून विचारलं, "हो कुत्रो खंयच्या जातीचो, आजोबानू?"

आप्पांनी वळून पाहिलं. ब्रून्या अंग झाडत होता.

"पोस्टातलो," ते म्हणाले.

तोवर पोस्टातल्या त्या गड्याने शेजारच्या टोपलीत तोंड घालून तीन तारल्या उचलल्या होत्या. त्यांची पोहोच कुणालाच मिळाली नाही.